उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं अनाथ नसतात

तोडणी सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागात फडातून बिबट्याची पिल्लं निघू लागतात. वर्षभर उभा राहणारा ऊस हा दाट आडोसा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. मादीला विण्यासाठी आणखी काय हवं? यातल्या कित्येक माद्या स्वतःच उसात जन्मलेल्या आहेत, डोंगराकडे त्या जातीलच कशाला?

पिल्लांजवळ आई दिसत नाही, म्हणून लोक त्यांना उचलून घरी नेतात. घोळ तिथेच होतो. कोयत्यांच्या आवाजाने मादी शेजारच्या फडात दबून बसलेली असते आणि अंधार पडल्यावर पिल्लांच्या जागी परत येते. पिल्लं तिथे नसली की ती त्याच शिवारात शोधत फिरते, आणि अशी मादी माणसांसाठी खरी धोक्याची.

म्हणून पिल्लं दिसताच तिथली तोडणी थांबवायची, सगळ्यांनी मागे सरायचं आणि १९२६ वर वनखात्याला कळवायचं. जागेवर काठी रोवून खूण करायची, कारण पुढे सगळं त्या जागेवरच अवलंबून असतं. पिल्लं नक्की बिबट्याची आहेत का, हेही बघावं. रानमांजराची पिल्लंही उसातच असतात, पण त्यांच्या अंगावर बिबट्यासारखे दाट काळे ठिपके नसतात.

कुणी हात लावला असेल तरी बिघडत नाही. माणसाचा वास आला म्हणून मादी पिल्लू टाकत नाही. मात्र गाईचं दूध पाजू नये. त्याने हगवण लागते, आणि उताणं धरून तोंडात ओतलं तर ते फुफ्फुसात जाऊन पिल्लू दगावतं. वनखात्याबरोबर आलेले जनावरांचे डॉक्टर पिल्लांची तपासणी करतात, गोचिड्या काढतात, अंगात पाणी कमी पडलंय का ते बघतात आणि कातडीखाली ओळखीसाठी मायक्रोचिप बसवतात.

दिवस मावळायच्या आत पिल्लं भाजीच्या प्लास्टिक कॅरेटमध्ये घालून खुणेच्या जागी ठेवायची. कॅरेट मादीला पंजाने सहज उलटता येईल असं हवं. समोर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचा आणि माणसांनी लांब जायचं. मादी एकेक पिल्लू मानेला धरून नेते; दोन खेपांमध्ये बराच वेळ जाऊ शकतो, म्हणून एक पिल्लू उरलेलं दिसलं तरी घाईने जवळ जाऊ नये. पहिल्या रात्री ती आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच करायचं.

हे फसतं ते बहुतेक वेळा गर्दीमुळे. बॅटऱ्या, मोटारसायकली, मोबाइलवर व्हिडिओ काढणारी पोरं असली की मादी उसाबाहेर येत नाही. दुसरं कारण म्हणजे त्याच दिवशी अख्खा फड तोडून मोकळा करणं. त्या बाजूच्या काही सऱ्या दोन दिवस उभ्या ठेवल्या, तर तिला आडोशाने येता येतं. शेतकऱ्याने एवढं करावंच, असं मला ठामपणे वाटतं.

कारण भेट झाली नाही, तर पुढे पिंजराच आहे. शिकार करायला आणि माणसापासून लांब राहायला पिल्लू आईबरोबर दीड-दोन वर्षं राहून शिकतं. हाताने वाढवलेल्याला माणसाची भीतीच उरत नाही, त्यामुळे त्याला मोकळं सोडता येत नाही. मग माणिकडोहसारख्या निवारा केंद्रात त्याला आयुष्यभर सांभाळावं लागतं, आणि पिंजऱ्यातला बिबट्या वीस वर्षंही जगतो.