प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी : केंदाळाच्या मागावर

कोल्हापुरात पंचगंगा नदी पाहायची म्हटले की बहुतेक जण घाटावर जातात, दगडी पायऱ्यांवर थोडे बसतात आणि अंबाबाईच्या दर्शनाला वळतात. मला मात्र जलपर्णी, म्हणजे आपल्याकडचे केंदाळ, नदीत कुठून येते आणि कुठे जाते हे पाहायचे होते. म्हणून उन्हाळा सुरू होता होता प्रयाग चिखलीच्या संगमापासून नदीच्या कडेकडेने खाली नृसिंहवाडीपर्यंत जायचे ठरवले.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा होते. चिखलीला पाणी बऱ्यापैकी मोकळे दिसले. काठच्या संथ डबक्यात मात्र केंदाळाची चार-दोन रोपे होती. एक उपटून पाहिले. देठाचा फुगीर भाग दाबला की स्पंजासारखा दबतो, कारण आत हवेच्या पोकळ्या असतात, आणि त्यांच्या जोरावरच रोप तरंगते. खाली काळपट, पिसांसारखी मुळे होती, आणि बाजूला निघालेल्या धाव्याच्या, म्हणजे आडव्या फांदीच्या, टोकाला एक पिल्लू रोप फुटलेले होते. परिस्थिती अनुकूल असली तर एक-दोन आठवड्यांत केंदाळ दुप्पट होते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्याची. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी माणसांनीच ती जगभर नेली. तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते, त्यामुळे 'एकदा काढले, संपले' असे इथे होत नाही.

शहर ओलांडताना नाल्यांचे सांडपाणी नदीत मिसळते आणि त्यातल्या नत्र-स्फुरदावर केंदाळ पोसते. खरी गोची बंधाऱ्यांवर दिसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. शेतीला यासारखी सोय नाही, पण अडलेले, तापलेले, सांडपाण्याने सकस झालेले हेच पाणी केंदाळाची रोपवाटिका होते. तेरवाडच्या बंधाऱ्यावर पोचेपर्यंत पाणी दिसेनासेच झाले होते. हिरव्या गालिच्यावरून बगळे चालत होते. अशा थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे तडफडून मरतात.

वाटेत एका ठिकाणी यंत्राने काढलेल्या केंदाळाचा ढीग काठावरच टाकलेला होता. वरचा थर वाळून करपला होता. काठीने ढीग उकरला तर आत ओल होती आणि देठ हिरवेगार. पहिल्या पुरात ही सगळी रोपे पुन्हा नदीत जाणार. काढलेले केंदाळ पूररेषेबाहेर नेऊन कंपोस्टच्या खड्ड्यात घातले नाही तर तो खर्च वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय दाट थर जमल्यावर यंत्रे लावण्यापेक्षा वरच्या अंगाच्या डबक्यांतली चार-दोन रोपे हिवाळ्यातच हाताने वेचणे कितीतरी स्वस्त पडेल. पण ते काम कोणाच्या नजरेत भरत नाही.

जाळे वाळवत बसलेल्या एका भोई मामांशी बोललो. ''जाळ्यात मासा कमी आणि केंदाळच जास्त येतंय बघा,'' ते म्हणाले. त्यांच्या बुट्टीत बहुतेक चिलापीच होती. हा मासा आफ्रिकेतला. 1952 साली तो भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाचण्याचे प्रमाण मोठे आणि स्थानिक माशांवर कुरघोडी करणे तिला सोपे जाते. एका पाणवठ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी जाळे झटकून उन्हात कडक वाळवले तर त्यात अडकलेले केंदाळाचे तुकडे मरतात. मामा ते जाळे टिकावे म्हणून करत होते, पण गुण दोन्हीकडे येतो. न्यूझीलंडमध्ये 2004 साली डिडिमो नावाचे शेवाळ नद्यांत सापडले, तेव्हापासून होड्या आणि गळाचे सामान तपासून, धुऊन, वाळवून मगच दुसऱ्या पाण्यात न्यायचे असा प्रचार तिथे चालतो. आपल्या होड्यांना आणि जाळ्यांनाही तोच नियम लागू पडेल.

शहरातल्या हौशी लोकांचाही यात वाटा असतो. घरच्या काचपेटीत मावेनासा झालेला सकर मासा किंवा लाल कानांचे कासव तळ्यात सोडून देणे हे पुण्य नव्हे. ते दुकानदाराला परत द्यावे किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावे. कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याने एकेकाळी केंदाळाचा विळखा सोसला आहे. त्यात आणखी पाहुणे नकोत.

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नावाड्याला विचारले, इथपर्यंत आलेल्या केंदाळाचे काय करता? तो म्हणाला, ''वरनं पाणी सोडलं की येतंय, आम्ही बांबूनं ढकलून पुढं लावतो.'' त्याचे पुढे म्हणजे राजापूरचा बंधारा, आणि त्याच्याही पुढे कर्नाटक.