टेडी बेअरवाली फाईल आणि माझे चार दिवस

परवा नात्यातल्या ग्रुपवर 'मार्टिनेली' नावाचा व्हिडिओ उघडू नका, मोबाईल हॅक होईल, हा जुना खोटा मेसेज परत फिरला आणि मला 2002 सालचं आमचं ऑफिस आठवलं. तो राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितोय.

तेव्हा जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई या फाईलबद्दल एक मेल जगभर फिरत होता. ही फाईल व्हायरस आहे, नॉर्टन-मॅकॅफी या अँटीव्हायरसना सापडत नाही, 14 दिवस गप्प बसते, शोधा, डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा आणि अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना कळवा. शोधली की सापडायचीच, वर आयकॉन टेडी बेअरचा, त्यामुळे लोकांची खात्रीच पटायची. पण ती सापडायची कारण ती विंडोजबरोबरच यायची, मायक्रोसॉफ्टचीच होती, जावा या प्रोग्रामिंग भाषेतले प्रोग्राम डीबग करायला, म्हणजे त्यातल्या चुका शोधायला लागणारी.

मला हे अर्ध्या तासात कळलं. सायबर कॅफेत जाऊन अँटीव्हायरस कंपनीच्या साईटवर फाईलचं नाव टाकलं, होक्स, म्हणजे खोटी अफवा, म्हणून स्वच्छ लिहिलेलं होतं.

अडकलं ते आमच्या ईडीपीत, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात. त्यांनी सर्क्युलर काढलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी फाईल उडवून रजिस्टरमध्ये सही करायची. मी सही केली नाही तर माझ्या नावापुढे लाल पेनने 'बाकी'. पहिल्या दिवशी प्रिंटआउट घेऊन गेलो तर म्हणाले, अहो, हेड ऑफिसहून आलंय ते, खोटं कसं असेल? दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या पानाचं प्रिंटआउट नेलं, तर म्हणे इंटरनेटवर काय कोणीही काहीही लिहितं. अहो, पण तो मेल तरी इंटरनेटवरूनच आला होता ना? तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले की उडवून काही बिघडलं का कोणाचं, नाही ना, मग तुम्हाला एवढा त्रास का होतोय. त्रास याचा होत होता की उद्या असाच मेल एखाद्या खरोखर लागणाऱ्या फाईलबद्दल आला तरी हे सह्याच गोळा करणार होते. चौथ्या दिवशी अकाउंट्सला नवा पीसी आला, खोक्यातून काढला, नेटची वायरसुद्धा लावली नव्हती, मी सगळ्यांना उभं करून फाइंडमध्ये नाव टाकलं आणि टेडी बेअर हजर. मग कुठे साहेब गप्प झाले. दुरुस्तीचा मेल गेला तो दोन ओळींचा, चूक झाली हा शब्दही नाही. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं.

तर असा मेल आला की आधी शेवट वाचा, सगळ्यांना पाठवा असं असेल तर तिथेच थांबा. खरी सूचना देणारी कंपनी तारीख देते, स्वतःच्या पानाची लिंक देते, फॉरवर्ड करायला लावत नाही. मोठ्या कंपन्यांची नावं नुसती घेतलेली असतात, 2006 च्या ऑलिंपिक टॉर्चवाल्या मेलमध्ये तर अख्खी हार्ड डिस्क जळेल असं होतं. आणि हो, समोरच्याला प्रिंटआउट देऊ नका, त्याच्या डोळ्यासमोर कोऱ्या मशीनवर दाखवा, मी तीन दिवस फुकट घालवले.

हे राहिलंच, तेव्हा ज्यांनी ती फाईल उडवली त्यांना मी सांगायचो की तुम्ही जावाचे प्रोग्राम लिहीत नसाल तर काही अडणार नाही. 2001 मध्ये अशाच मेलमुळे लोकांनी सल्फएनबीके नावाची फाईल उडवली होती, फाईलींची लांब नावं पूर्ववत करायला ती लागायची, ती विंडोज 98 च्या सीडीवरून सिस्टम फाईल चेकर या विंडोजच्याच प्रोग्रामने परत काढता यायची.