सातव्या ग्रीनवरचा कोरडा उंचवटा

फेब्रुवारीचा शेवटचा गुरुवार. सकाळी सव्वासहाला आमच्या गोल्फ मैदानाच्या सातव्या ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, भोक बदलायला गेलेले काका कप कटर खांद्यावर टाकून परत आले. "साहेब, माती धरतच नाही. भुसा निघाल्यासारखी निघते."

कप कटर म्हणजे 108 मिलिमीटर व्यासाचा धारदार नळा. रोज सकाळी त्याने नव्या जागी भोक पाडायचं आणि निघालेली ढेप जुन्या भोकात बसवायची. निरोगी ग्रीनची ढेप खरवसाच्या वडीसारखी अखंड येते, मुळं तिला घट्ट धरून असतात. माती-पाण्याचा रोजचा अहवाल या ढेपेत फुकट मिळतो. काकांच्या हातातली ढेप वरच्या चार सेंटिमीटरमध्ये कोरडी, फिकट आणि सुटी होती. त्याखाली ओल होती. वर कोरडं आणि खाली ओलं, हा उलटा प्रकार दिसला की काम थांबवून आधी कारण शोधायचं.

नवी मुंबईतलं हे मैदान एका बाजूने डोंगराला टेकलेलं, दुसऱ्या बाजूला पाचसहा किलोमीटरवर खाडी. परदेशी पुस्तकांतला वसंत म्हणजे बर्फ वितळणं, गवत झोपेतून उठणं. आपल्याकडे गवत झोपतच नाही, फक्त मंदावतं. माघात रात्री 16-17 अंशांवर जातात, पानं हळू वाढतात, मुळं हात आखडून बसतात. मग एखाद्या आठवड्यात पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खाडीवरून येणारा वारा अकराऐवजी दुपारी दोन-अडीचला पोहोचतो आणि पारा 37 वर. त्या आठवड्यात सलग दोन दुपारी तेच झालं होतं. पहाट 18, दुपार 37. अशा दिवसांत ग्रीनला रोज 5 मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर. आमच्या 460 चौरस मीटरच्या ग्रीनला 2,300 लिटर.

रविवारी स्पर्धा होती. त्यामुळे ग्रीनच्या मागच्या उंचवट्यावर तपकिरी-करडा, साधारण 40 चौरस मीटरचा डाग दिसल्याबरोबर सूचनांचा पाऊस सुरू झाला. बुरशीनाशक मारा. पाणी दुप्पट करा. युरिया टाका. आदल्या रात्री कुणीतरी परस्पर 20 मिनिटं जादा पाणी सोडलंही होतं. ते उंचवट्यावरून घरंगळून खालच्या कडेला साचलं आणि तिथे बूट रुतत होते. दांड्याचा ओलावामापक उंचवट्यावर 7 टक्के दाखवत होता, मध्यभागी 24, खालच्या कडेला 34. एकाच ग्रीनवर वाळवंट आणि दलदल.

डाग पाहताना आधी त्याचा आकार वाचावा. सरळ रेघ निसर्ग सहसा काढत नाही. ती मोअरची (गवत कापायच्या यंत्राची), फवारणी यंत्राची किंवा फुटलेल्या हायड्रॉलिक नळीतून गळलेल्या तेलाची असते. कमानीसारखी कड असेल तर स्प्रिंकलरकडे बघायचं. नाण्याएवढे फिकट ठिपके आणि पहाटे दवात त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले, तर तो डॉलर स्पॉट, बुरशीचा रोग. थंड रात्री, भरपूर दव आणि नत्राची उपासमार असली की तो येतो. आमच्या डागाची खालची कड अस्पष्ट होती, पण वरची कड अगदी कंपासने काढल्यासारखी. पांढरे तंतू कुठेच नव्हते. गवताच्या पात्यांवर पाऊल दिलं की ठसा तसाच राहत होता, म्हणजे पात्यात पाण्याचा ताण उरलेला नव्हता.

अळी आहे का हे बघायला दहा मिनिटं पुरतात. भांडी घासायचा द्रवसाबण दोन मोठे चमचे, पाणी चार लिटर, आणि ते एका चौरस मीटरवर झारीने ओतायचं. पानं कुरतडणारी अळी असली तर पाचदहा मिनिटांत वळवळत वर येते. काही आलं नाही. (नंतर ती जागा साध्या पाण्याने धुवायची, नाहीतर उन्हात साबण पातं भाजतो.)

मग थेंब चाचणी. याला ड्रॉपरशिवाय काही लागत नाही. 15 सेंटिमीटर लांबीचा मातीचा गाभा काढून आडवा ठेवायचा आणि वरून खाली दर सेंटिमीटरवर एक थेंब. थेंब पाच सेकंदांत जिरला तर माती ठीक. त्याहून जास्त टिकला तर ती पाणी झटकते आहे आणि मिनिटाच्या वर गेला तर चांगलीच झटकते आहे. नियमाने गाभा सावलीत पूर्ण वाळवून ही चाचणी करतात, पण रविवार तोंडावर असताना ताज्या गाभ्यावरही कळायचं ते कळतं. आमच्या गाभ्यात पहिले चार सेंटिमीटर थेंब अळवाच्या पानावर बसावा तसे बसले. दुसऱ्या सेंटिमीटरवरचा थेंब अडीच मिनिटं मोजून होता. सहा सेंटिमीटरच्या खाली मात्र टेकताक्षणी गायब.

ग्रीनची बांधणी माहीत असली की हे कोडं राहत नाही. वरचे 30 सेंटिमीटर जवळजवळ सगळी वाळू, बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरचे. त्याखाली 10 सेंटिमीटर खडी, खडीत निचऱ्याचे पाइप. पाणी पटकन खाली जावं म्हणूनच ही रचना. पण वाळूच्या कणाचा एकूण पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे कुजलेल्या मुळांतून आणि बुरशीतून सुटलेला मेणचट थर त्यावर सहज बसतो. ओल असेपर्यंत तो त्रास देत नाही. वाळू एकदा खडखडीत वाळली की मात्र तो पाण्याला आत घेत नाही. म्हणजे कोरडेपणातून पुढचा कोरडेपणा जन्मतो, आणि अशा जागी नळ कितीही वेळ सोडला तरी पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं.

पण उंचवटाच का वाळला? वरची कमानीसारखी कड स्प्रिंकलरकडे बोट दाखवत होती. ग्रीनभोवती चार स्प्रिंकलर. मागचा सुरू केला तर तो फिरत होता, धारही दुरून बरी दिसत होती. इथेच लोक फसतात. डोळ्याला धार दिसते, पाणी किती पडतं ते दिसत नाही. त्यासाठी डबे मांडायचे. कँटीनमधून सरळ बाजूंचे, एकाच मापाचे 28 स्टीलचे डबे आणले आणि चार-चार मीटरवर मांडले. चहाचे कागदी कप वापरत असाल तर त्यांच्या बाजू तिरप्या असतात, तेव्हा पट्टीने उंची मोजू नका. पाणी मिलिलिटरमध्ये मोजून तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. तोंड 7 सेंटिमीटर व्यासाचं असेल तर 3.85 मिलिलिटर म्हणजे 1 मिलिमीटर. वारा पडलेला असतानाच हे करायचं, म्हणून साडेसातच्या आत उरकलं.

दहा मिनिटांत सरासरी 2.6 मिलिमीटर पडलं. उंचवट्यावरच्या डब्यांत 0.7. सर्वांत कमी भरलेल्या सात डब्यांची सरासरी काढून तिला सगळ्यांच्या सरासरीने भागलं तर 0.41 आलं. पाणी किती सारखं पडतं ते सांगणारा हा आकडा 0.7 च्या वर हवा. रोजचं पाणी 12 मिनिटांचं होतं, म्हणजे गरज 5 मिलिमीटरची असताना उंचवट्याला एक मिलिमीटरही मिळत नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत गरज कमी, दव जास्त, म्हणून ते झाकून गेलं. पूर्वेच्या वाऱ्याने दोन दिवसांत उघडं पाडलं.

स्प्रिंकलर खोलायचा तर आधी त्याचा व्हॉल्व्ह बंद करून दाब सोडायचा, वरची कडी पक्कडीने काढायची आणि आतला भाग सरळ वर उचलायचा. तळाच्या जाळीवर शेवाळ आणि दोन बारक्या गोगलगायींचे शंख होते. मैदानाला पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं येतं आणि उघड्या तळ्यात साठतं, त्यामुळे यात नवल काहीच नव्हतं. जाळी धुऊन आतला भाग लगेच बसवू नये. रिकाम्या बॉडीतून मिनिटभर पाणी सोडावं, नाहीतर पाइपातला गाळ पहिल्याच फेरीत पुन्हा जाळीवर येऊन बसतो. शिवाय तो स्प्रिंकलर बाहेरच्या बाजूला कललेला होता, बहुधा ट्रॅक्टरच्या चाकाने. भोवती खणून, लेव्हल लावून, माती ठोकून तो सरळ केला. पुन्हा डबे मांडले तेव्हा सरासरी 2.8, कमी सात डब्यांची 2.1. भागाकार 0.75.

एवढ्यावर काम संपलं असं वाटून बहुतेक जण पाय धुतात. वाळू मात्र अजून पाणी झटकतच असते, स्प्रिंकलर दुरुस्त झाल्याचं तिला कुणी सांगितलेलं नसतं. साडेआठच्या सुमाराला 8 मिलिमीटर जाडीच्या भरीव दात्यांचे फोर्क घेऊन चौघे डागावर बसले. पाच-पाच सेंटिमीटरवर, दहा सेंटिमीटर खोल. दाते सरळ घालून सरळ काढायचे, हँडल हलवलं तर पृष्ठभाग फुगतो आणि रविवारी चेंडू उड्या मारतो. त्यावर ओलावा वाढवणारं रसायन, लेबलवरच्या मात्रेत, पण पाणी भरपूर घेऊन, पाठीवरच्या पंपाने. मात्रा दुप्पट केली म्हणून वाळू दुप्पट भिजत नाही, पातं मात्र करपतं. साबणाने काम भागेल असा सल्ला यावेळीही आला. चौरस मीटरभर चाचणी वेगळी आणि 40 चौरस मीटर उपचार वेगळा.

पाठोपाठ पाणी हाताने, झारीचं तोंड लावलेल्या होजने. डागाला 5 मिलिमीटर म्हणजे 200 लिटर. आमची होज मिनिटाला 20 लिटर देते, म्हणजे एकूण दहा मिनिटं. ती चार हप्त्यांत दिली, अडीच मिनिटं पाणी आणि वीस मिनिटं विश्रांती. घाईने एकदम दिलेलं पाणी खालच्या कडेला गेलं असतं, तिथे आधीच 34 टक्के होते. तिसऱ्या हप्त्याला पाणी वाहायचं थांबून मुरायला लागलं. दुपारी एकला ओलावामापक 15 वर आला. दीडला आणि तीनला मिनिटभर नुसता शिडकावा, पातं थंड ठेवण्यापुरता.

शुक्रवारी मोअरची उंची 4.2 वरून 5 मिलिमीटर केली. उंचवट्यावर शेवटचा कडेचा फेरा मारायचाच नाही असं बजावलं, कारण त्या फेऱ्यात यंत्र वळतं आणि मुळं सुटलेलं गवत उपटतं. धार कागदावर तपासली. रील, म्हणजे फिरती पाती, हाताने फिरवून वर्तमानपत्राची पट्टी पूर्ण रुंदीत स्वच्छ कापली गेली पाहिजे, फाटली तर बेड नाइफ, म्हणजे खालचं स्थिर पातं, जुळवायचा. फाटलेल्या टोकाचं पातं दुपटीने पाणी गमावतं असं ऐकवणारे भेटतात, तो आकडा मी देणार नाही, पण ते पांढरं पडलेलं टोक संध्याकाळपर्यंत नजरेला खुपतं.

रविवारी कापणी नाही, फक्त दोन वेळा हलका रोलर. चेंडूचा वेग स्टिंपमीटरवर (उतरत्या पट्टीवरून सोडलेला चेंडू किती लांब जातो ते मोजायचं साधन) साडेआठ फूट आला, नेहमी नऊ असतो. कुरकुर झाली. झेंडा मध्यावर डावीकडे लावला, उंचवट्यापासून दूर.

मेलेली जागा शेवटी दीड चौरस मीटर निघाली. हे गवत टिफड्वार्फ, आपल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घालून खुरपलेल्या हरळीचं संकरित भावंड. ते वांझ आहे, बी धरत नाही, त्यामुळे पेरून भागत नाही. रोपवाटिकेच्या ग्रीनवरून कप कटरनेच ढेपा काढून बसवल्या. नत्र मात्र आठवडाभर थांबवलं. नवी मुळं नसताना खत दिलं तर क्षार पात्याला येतात, आणि आमच्या पाण्यात क्षार आधीच पुरेसे. आठव्या दिवशी पूर्ण ग्रीनला चौरस मीटरला 1 ग्रॅम नत्र दिलं, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट, पाण्यात विरघळवून, फवारून लगेच धुतलेलं.

पोकळ दात्यांनी भोकं पाडायचा आग्रह मार्चच्या सुरुवातीलाच झाला. रात्री 20 अंशांवर गेल्याशिवाय मी ते करत नाही. 12 मिलिमीटरचे दाते 5 सेंटिमीटरवर म्हणजे साडेचार टक्के पृष्ठभाग उघडा, आणि गवत मंद असताना तो भरायला महिना जातो. ते काम मार्चअखेर झालं. साडेसात सेंटिमीटर खोल भोकं भरायला दीड घनमीटर आणि वर मिलिमीटरभर पसरायला अर्धा घनमीटर, एकूण पाऊण ब्रासच्या आत वाळू लागली. पुरवठादाराने पहिल्यांदा आणलेल्या गाडीत खाडीची रेती होती, शिंपल्यांचे तुकडे हातावर चमकत होते. ती परत पाठवली. क्रश सँडही नको, तिची भुकटी भोकांच्या तोंडाशी बसून निचरा बंद करते.

उंचवट्याचा गाभा दर पंधरवड्याने काढतो. मार्चच्या मध्यावर दुसऱ्या सेंटिमीटरवरचा थेंब 40 सेकंद टिकला, एप्रिलच्या सुरुवातीला आठ. अजून पाच झालेला नाही, म्हणून रसायनाची महिन्याची फेरी चालू आहे. सगळ्या स्प्रिंकलरच्या जाळ्या आता पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी खोलतात. कँटीनने डबे मात्र परत मागितले.