जाड केबल सोलायला कोणतं हत्यार घ्यावं?

दुकानात ‘जाड केबलचा स्ट्रिपर द्या’ म्हटलं की बऱ्याचदा प्लायरसारखा ऑटोमॅटिक स्ट्रिपर पुढे येतो. घरच्या वायरिंगला तो झकास, पण 10 किंवा फार तर 16 स्क्वेअर एमएमच्या (तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ) पुढे त्याचे जबडे पुरत नाहीत. त्यापुढे स्क्वेअर एमएमचा आकडा बाजूला ठेवा. कोणता थर काढायचाय, त्याचा बाहेरचा व्यास किती आणि जाडी किती, हे बघून हत्यार घ्या.

सोसायटीच्या मीटर रूममध्ये किंवा कारखान्यात हमखास दिसणारी साडेतीन कोअर (तीन पूर्ण आणि एक लहान, न्यूट्रलची वाहक तार) 95 स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड केबल घेऊ. बाहेर पीव्हीसीची शीथ म्हणजे आवरण, खाली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पट्टीचं आर्मर म्हणजे चिलखत, मग आतली शीथ आणि शेवटी एक्सएलपीई या प्लॅस्टिकचं इन्सुलेशन चढवलेले कोअर.

बाहेरच्या शीथला हुकचा, गोल फिरवायचा केबल नाइफ घ्या. केबल हुकात धरायची, तळाच्या स्क्रूने पात्याची खोली ठरवायची, एक गोल वेढा मारायचा आणि मग टोकाकडे ओढत उभी चीर द्यायची. 8–28 मिमीचा नाइफ सगळीकडे मिळतो, पण ही केबल बाहेरून 40 मिमीच्या आसपास भरते. म्हणजे 35–50 चा लागणार. व्हर्नियर लावून मोजा आणि मगच घ्या. इथे पातं थोडं खोल गेलं तरी खाली लोखंड आहे, फार तर धार जाईल. आर्मर नसलेल्या केबलला मात्र हीच चूक थेट कोअरवर येते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर खोली जुळवून घ्या.

आर्मरला हॅकसॉच. कापायच्या जागी होज क्लिप आवळा, म्हणजे ब्लेड घसरत नाही. पट्टी साधारण 0.8 मिमी जाड असते. अर्ध्याच्या वर कापून झालं की हाताने मागेपुढे वाकवून तोडा. आरपार करवत चालवली तर आतली शीथ गेलीच.

आतल्या शीथला तो फिरता नाइफ लावूच नका. आयएस 7098 या केबलच्या भारतीय मानकाप्रमाणे तिची किमान जाडी 0.3 ते 0.7 मिमी, केबलच्या आकारानुसार. एवढ्या पातळ थराला साधा धारदार चाकू बस्स. दोन कोअरच्या मधल्या खाचेवर हलकी रेघ ओढा आणि पकडीने फाडत न्या. खाचेवर रेघ मारली की चाकू चुकून आत गेला तरी खाली फिलर (खाच भरायचा दोरा) किंवा पोकळी असते.

खरी मेख कोअरमध्ये आहे. या केबलचे मोठे कोअर गोल नसतात, सेक्टर आकाराचे, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखे असतात. गोल स्ट्रिपर कडेला खोल जातो आणि सपाट बाजूला पोचतच नाही. 95 च्या कोअरवर एक्सएलपीई फक्त 1.1 मिमी, 240 वर 1.7. इन्सुलेशन पीव्हीसीचं असेल तर 95 ला 1.6. म्हणजे चुकायला जागा एका मिलिमीटरची. इथे चाकूच बरा: भोवती थराच्या जाडीच्या तीन चतुर्थांश खोल चीर, कोअर थोडा वाकवला की चीर स्वतःहून उघडते, आणि उभं काढताना पातं आडवं धरून पेन्सिल तासल्यासारखं. लगच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीच्या) बॅरलची, म्हणजे नळीची, आतली खोली मोजा, त्यात 2–3 मिमी वाढवा, तेवढंच सोला.

अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला चीर पडली की क्रिम्पिंगच्या (लग दाबून बसवायच्या) वेळी किंवा नंतर वाकवताना ती तिथेच तुटते. उरलेल्या तारांवर भार वाढतो, लग तापतो. नखाने चाचपून बघा. अडकलं तर तो भाग कापून पुन्हा सोला. त्यासाठीच ग्लँडिंगच्या (केबल पेटीच्या तोंडाशी पक्की बसवायच्या) आधी केबलला थोडी जास्तीची लांबी सोडून ठेवतात. स्वच्छ निघालेल्या कोअरवर लगेच वायर ब्रश फिरवून जॉइंटिंग पेस्ट लावा, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात धरतो.

गॅसच्या ज्योतीने सोलणं नको. पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो, आणि तारेवर काजळी बसते ती वेगळीच.

वेल्डिंगची किंवा इन्व्हर्टर-बॅटरीची एकेरी तांब्याची केबल गोल असल्याने तिथे मात्र हुकचा नाइफ मस्त चालतो. तारा बारीक असतात, म्हणून खोली थराच्या जाडीपेक्षा जराशी कमीच ठेवा आणि शेवटचा पापुद्रा पिळून तोडा. 11 केव्हीच्या (11,000 व्होल्टच्या) केबलची गोष्ट निराळी. तिथे इन्सुलेशनवरचा सेमीकंडक्टिंग (अर्धवट वीज वाहणारा) थर काढायला खास हत्यार लागतं, आणि खाली इन्सुलेशनवर ओरखडा राहिला तर तिथूनच बारीक ठिणग्यांचा डिस्चार्ज सुरू होतो. ते काम केबल जॉइंटरकडेच द्या.

मुठीवर 1000 व्होल्टचं चिन्ह असलं तरी पुरवठा बंद करून, टेस्टरने तपासून, केबलमध्ये साठलेली वीज काढून टाकूनच हात घाला. हत्यार घेताना सुटं पातं त्याच दुकानात मिळतं का, हे विचारा. मिळत नसेल तर स्वस्तातला नाइफही घेऊ नका, कारण आर्मरवर घासून पहिलं पातं लवकरच जातं.