जेवलास का, अमुरो?

'मोबाइल सूट गंडम'चा विषय निघाला की कुणाला शत्रूपक्षातल्या शारचा लाल मोबाइल सूट (आत बसून चालवायचा अजस्र यंत्रमानव) आठवतो, कुणाला त्याच्याच बाजूच्या लाला या मुलीचा मृत्यू. मला आधी आठवते फ्राउ बो. १९७९ च्या या जपानी मालिकेच्या पहिल्याच भागात, शत्रूच्या हल्ल्यामुळे सगळी अंतराळ वसाहत निवाऱ्याकडे निघालेली असताना ती शेजारच्या अमुरोच्या, म्हणजे मालिकेच्या नायकाच्या, घरात शिरते. हा पंधरा वर्षांचा पोरगा अंगात धड कपडे नाहीत अशा अवतारात काहीतरी खुडबुडत बसलाय, समोरचं खाणं तसंच पडलंय. ती त्याला झापते आणि त्याचं सामान भरायला घेते. शत्रू दाराशी आलाय, आणि हिला चिंता पडलीय ती हा उपाशी असल्याची.

थोड्याच वेळात तिची आई आणि आजोबा स्फोटात जातात. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो तिला नीट रडूही देत नाहीत. पुढे दिसते ती कात्झ, लेत्झ आणि किक्का या तीन अनाथ पोरांच्या मागे धावणारी फ्राउ.

नवव्या भागातली थप्पड तर जगजाहीर. एव्हाना अमुरो गंडम हा मोबाइल सूट चालवू लागलाय. थकलेला अमुरो लढायला जात नाही म्हणून त्यांच्या जहाजाचा कप्तान ब्राइट त्याच्या कानाखाली वाजवतो, एकदा नाही, दोनदा. "बाबांनीसुद्धा कधी मारलं नव्हतं मला!" या अमुरोच्या वाक्याची जपानमध्ये अजून नक्कल होते. (ब्राइट तरी केवढा? एकोणीस वर्षांचा.) पण थपडांनी अमुरो जागचा हललेला नसतो. तू जात नसशील तर मीच चालवते गंडम, असं फ्राउ म्हणते, तेव्हा कुठे गडी उठतो.

मग अमुरो मोठा योद्धा होत जातो आणि फ्राउचं त्याच्याकडे येणं कमी होतं. ना भांडण, ना रुसवा. शत्रूच्या सोलोमन या अंतराळतळावरच्या लढाईत जखमी झालेला त्यांचा साथीदार हायातो खाटेवर पडून रडतो, त्याला एकदा तरी अमुरोच्या वरचढ व्हायचं असतं. त्याची शुश्रूषा करणारी फ्राउ सांगते, अमुरो आपल्यासारखा नाही, तो वेगळा आहे. आपण त्याचा नाद सोडलाय, हे तिलाही बहुधा त्याच क्षणी कळलं असावं.

लाला आणि अमुरोची मनं क्षणात जुळतात, त्याचं कौतुक फार होतं. मला ते जरा घाईचंच वाटतं. दोन भेटींत विश्वाचं गूढ उकलणाऱ्या पोरीपेक्षा, 'खाऊन घे रे' म्हणून मागे लागणारी आणि एक दिवस तेही सोडून देणारी पोरगी लिहायला कितीतरी अवघड.

१९८५ च्या 'झीटा गंडम' या पुढच्या मालिकेत फ्राउ हायातोची बायको आहे, गरोदर आहे, आणि ती तिन्ही पोरं घेऊन अमुरोला भेटायला येते. अमुरो एका आलिशान बंगल्यात राहतोय, नोकरचाकर आहेत, आणि सरकारची त्याच्यावर पाळत आहे. त्याच्या खाण्यापिण्याची काळजी करायला आता माणसं पगारावर ठेवलेली आहेत.