एशियनच्या चौकटीत आपण

आज चेकअपला गेले होते, इथे न्यू जर्सीत. फॉर्मवर एशियनवर टिक केलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, यावर जाऊ नका. अमेरिकेत गोऱ्यांत नि काळ्यांत मरणाचं पहिलं कारण हार्ट डिसीज, एशियन लोकांत मात्र कॅन्सर, पण गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की त्यात चिनी, कोरियन, व्हिएतनामी सगळे एकत्र, आपल्या भारतीयांना वेगळं काढलं की परत हार्टच पहिलं! २०१८ च्या कोलेस्टेरॉल गाइडलाइनमध्ये तर साउथ एशियन (म्हणजे आपण) असणं हाच हार्टचा रिस्क वाढवणारा मुद्दा धरलाय. माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ आलंय, जरा जास्तच, वजन एकदम बरोबर असून. आता नवऱ्यालाही पाठवतेय, कुरकुर चालू आहे.