आमची वाटचाल : मोडीच्या काट्यावरून लिलावाच्या बोलीपर्यंत

आमचा मूळ धंदा मोडीचा. तांब्या-पितळेची भांडी वजनावर घ्यायची आणि भट्टीला पाठवायची. त्यातले निवडक नग लिलावाला लावू लागलो, तेव्हा काटा तोच राहिला, बघायची रीत बदलली.

आता वर्षाला खरेदीच्या दोन फेऱ्या होतात. मोठी दिवाळीआधी, कारण माळे तेव्हाच रिकामे होतात. दुसरी मार्च-एप्रिलात, पावसाळ्याआधी वाडे उतरवायची घाई असते तेव्हा. पुणे, वाई, सातारा, कराड, कोल्हापूर, आंबा घाटाने रत्नागिरी, मग चिपळूण आणि कुंभार्ली घाट चढून परत. पिकअपमध्ये घोंगड्या, गोणपाट, सुतळी, ५० किलोचा टांगता काटा, लोहचुंबक, दहापट दाखवणारं भिंग आणि २० लिटर पाण्याचा कॅन.

पाणी लागतं बंबासाठी, म्हणजे मधल्या नळीत निखारे घालून पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्यासाठी. बंब आमचा हुकमी नग, आणि फसायलाही होतं ते त्यातच. मधली नळी निखाऱ्यांनी आतून खाल्लेली असते, बाहेरून काही कळत नाही. जाळी काढायची, बंब गळ्यापर्यंत भरायचा, खाली कोरडा कागद टाकून पंधरा मिनिटं थांबायचं. नळीच्या आतून थेंब टपकला तर नळी गेली. तोटीच्या मुळाशी ओल आली तर नुसता डाक, म्हणजे वितळवून लावलेला जोड, सुटलाय, ते काम किरकोळ. नळी बदलली की मात्र हौशी गिऱ्हाईक हात आखडतं. डाक सुटण्याचं कारण बहुतेकदा एकच, बंब कोरडा पेटवलेला असतो. कथील-शिशाचा डाक १८३ अंशांना वितळू लागतो. आत पाणी असेपर्यंत तांबं तितकं तापतच नाही.

हंडा-घंगाळाचं वय सांध्यात शोधावं. जुन्या कामात बुडाशी किंवा पोटावर दातेरी सांधा असतो, त्यात पितळी झाळाची, म्हणजे पितळ वितळवून भरलेल्या जोडाची, पिवळी रेघ. आत एकसारखी गोल वलयं दिसली तर पत्रा लेथवर दाबलेला. मठाराच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या, खुणांवर जाऊ नये, त्या नव्या भांड्यावरही ठोकून मिळतात.

वजनाआधी लोखंडी जाळी आणि कड्या काढायच्या, पितळी तोटीचा भाव वेगळा धरायचा. किंमत उलटी मोजतो. समजा, लिलावातला कमीत कमी अंदाज १२,००० रुपये. १५ टक्के कमिशनचे १,८०० गेले, वाहतुकीचे ७००, झाळकामाचे ८००, उरले ८,७००. तरी आम्ही ६,००० च्या वर जात नाही, कारण बोली राखीव किमतीला पोचली नाही तर नग परत येतो आणि परतीचं भाडंही आपलंच. तेवढ्यात मालक ऐकत नसेल तर नमस्कार करून निघावं.

घेतलेला नग घासायचा नाही. चिंच लावून लखलखीत केलेल्या भांड्याचा जुना रंग परत येत नाही. कोरड्या फडक्याने धूळ झटकली की पुरे. कोकणातल्या भांड्यावर मात्र फिकट हिरवी भुकटी पुसूनही पुन्हा धरत असेल तर ती खारेपणाची, तो नग वेगळा ठेवायचा.

लाकडी नगांचं तंत्र वेगळं. दमट किनाऱ्यावरची फळी घाटावर सुकते आणि रुंदीत आकसते. आल्याबरोबर खिळे ठोकले की चिरते. चार आठवडे सावलीत, हवेशीर ठेवूनच सुताराला बोलवतो.

भांड्यावर ठिपक्यांनी घातलेलं नाव आणि शके दिसले तर भिंग लावतो. ठिपक्याच्या तळाशी तांबं उजळ असेल तर नाव अलीकडचं. खरं असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवायचे : शके १८३६ म्हणजे १९१४. इथे कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. असा माल विकायला परवाना आणि नोंदी लागतात, आणि खाजगी व्यापाऱ्याला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. मालकाची सही असलेली पावती आणि माळ्यावरच काढलेला फोटो, दोन्ही फाइलला लागल्याशिवाय नग गाडीत चढत नाही. देवळातल्या मूर्ती आम्ही घेत नाही. नांगराला लागलेली नाणी कोणी दाखवली तर १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, एवढंच सांगतो.